बेंजामिन ग्रॅहम : कंपनीच्या तिजोरीत अडकलेला लाभांश बाहेर काढणारा माणूस

एका शेअरची बाजारातली किंमत ६५ डॉलर. त्यावर कंपनी वर्षाला ६ डॉलर लाभांश देते. आणि त्याच एका शेअरच्या वाट्याला कंपनीच्या तिजोरीतले जवळपास ९५ डॉलर येतात, तेही रोख आणि सहज विकता येतील अशा चांगल्या रोख्यांच्या रूपात. थोडक्यात, ९५ डॉलर असलेलं पाकीट ६५ डॉलरला विकायला ठेवलंय आणि पाकीट सांभाळल्याबद्दल वर्षाला ६ डॉलर वर मिळतायत.

ही गोष्ट १९२६ सालची, अमेरिकेतल्या नॉर्दर्न पाइप लाइन नावाच्या कंपनीची. हे आकडे गुप्त नव्हते. वॉशिंग्टनला जाऊन सरकारी कार्यालयातली कागदपत्रं उघडली की कुणालाही दिसले असते. पण ती उघडून बघितली बत्तीस वर्षांच्या बेंजामिन ग्रॅहम यांनी. पुढे वॉरन बफे यांचे गुरू म्हणून जगाला माहीत झालेले ते हेच. आज आपण एखाद्या वेबसाइटवर शेअरची डिव्हिडंड यील्ड आणि मागच्या दहा-वीस वर्षांचा लाभांशाचा तक्ता बघतो, तेव्हा त्या दोन आकड्यांकडे कसं बघायचं हे शिकवणाऱ्यांत ग्रॅहम यांचं नाव फार वरचं आहे. आणि त्यांचं हे शिक्षण पुस्तकातून झालेलं नव्हतं.

आईचा तोटा

९ मे १८९४ रोजी लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात बेंजामिनचा जन्म झाला. आडनाव ग्रॉसबॉम. तो वर्षाचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडिलांचा चिनी मातीच्या भांड्यांचा आणि शोभेच्या वस्तूंचा व्यापार होता आणि तो बरा चालत होता. १९०३ मध्ये वडील गेले. त्या वेळी बेन नऊ वर्षांचाही नव्हता. तिघा भावांत तो सगळ्यांत धाकटा.

व्यवसाय बसला. आई डोरोथी यांनी घरात खानावळीसह खोल्या भाड्याने देऊन पाहिलं, तेही जमलं नाही. मग थोडे पैसे शेअर बाजारात लावले, आणि तेसुद्धा उसनवारीवर, ज्याला बाजारात मार्जिन म्हणतात. घेतलेले शेअर युनायटेड स्टेट्स स्टील या त्या काळातल्या बलाढ्य कंपनीचे होते. १९०७ मध्ये बाजार कोसळला आणि उसनवारीवर उभा असलेला तो छोटासा डाव पूर्ण बुडाला. बेन तेव्हा तेरा वर्षांचा होता. शेअर चांगल्या कंपनीचे असूनही माणूस बुडू शकतो हे त्याने घरातच पाहिलं. यू. एस. स्टील हे नाव या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

बेन अभ्यासात विलक्षण हुशार होता. शिष्यवृत्ती आणि नोकऱ्या यांच्या आधाराने त्याने कोलंबिया विद्यापीठातून १९१४ मध्ये पदवी घेतली, वर्गात दुसरा आला. पदवी हातात पडण्याआधीच इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित अशा तीन विभागांकडून शिकवण्याच्या जागेसाठी विचारणा झाली. घरची परिस्थिती बघता त्याने वॉल स्ट्रीटचा रस्ता धरला. न्यूबर्गर, हेंडरसन अँड लोब या दलाली पेढीत आठवड्याला १२ डॉलर पगारावर निरोप्या म्हणून तो लागला. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणाऱ्या नावांकडे लोक संशयाने बघू लागले, तेव्हा कुटुंबाने ग्रॉसबॉम बदलून ग्रॅहम हे आडनाव घेतलं.

निरोप्याचा हिशेबनीस व्हायला फार वेळ लागला नाही. १९१५ मध्ये गुगेनहाइम एक्स्प्लोरेशन नावाची कंपनी गुंडाळून तिच्याकडची मालमत्ता भागधारकांना वाटून टाकायचं ठरत होतं. तिच्याकडे तांब्याच्या खाणींच्या चार कंपन्यांचे शेअर होते आणि ते चारही बाजारात रोज विकले जात होते. ग्रॅहम यांनी बेरीज केली. गुगेनहाइमचा शेअर ६८.८८ डॉलरला मिळत होता आणि त्यामागची मालमत्ता ७६.२३ डॉलरची होती. मधले ७.३५ डॉलर जवळपास बिनधोक. कंपनीकडे काय आहे आणि त्यातलं भागधारकाच्या हातात कधी येणार, हे दोन प्रश्न त्यांच्या डोक्यात तिथून जे बसले ते कायमचे.

१९२६ सालचं एक साधं भागाकाराचं गणित

आता नॉर्दर्न पाइप लाइनकडे वळू. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलची मक्तेदारी मोडून तिच्या ३४ वेगवेगळ्या कंपन्या केल्या. त्यातल्या आठ कंपन्या नळांमधून कच्चं तेल वाहून नेणाऱ्या होत्या. या कंपन्या भागधारकांना पाठवत तो ताळेबंद अगदी त्रोटक असे. त्यावरून कळायचं इतकंच, की धंदा हळूहळू आटतोय. म्हणून शेअरला भाव नव्हता.

ग्रॅहम रेल्वे कंपन्यांची माहिती शोधत असताना त्यांना एका तळटीपेतून समजलं, की पाइपलाइन कंपन्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे सविस्तर अहवाल भरतात. त्यांनी वॉशिंग्टनची गाडी पकडली. आयोगाच्या दप्तरात बसून त्यांनी आठही कंपन्यांचे अहवाल उतरवून काढले, आणि त्यात नॉर्दर्न पाइप लाइनचा तो ९५ डॉलरचा आकडा निघाला.

इथे थोडं थांबून लाभांशाचं गणित बघायला हवं, कारण गोंधळ इथेच होतो. कंपनीच्या शेअरचं दर्शनी मूल्य होतं १०० डॉलर. ६ डॉलर लाभांश म्हणजे दर्शनी मूल्यावर ६ टक्के. पण ग्रॅहम यांनी शेअर घेतला ६५ डॉलरला. त्यांच्यासाठी हिशेब ६ भागिले ६५, म्हणजे सुमारे ९.२ टक्के. दर्शनी मूल्यावरची टक्केवारी कंपनी जाहीर करते, तर यील्ड ही तुम्ही शेअरला मोजलेल्या किमतीवर ठरते.

भारतात हाच घोळ उलट्या बाजूने होतो. आपल्याकडे बहुतेक शेअरचं दर्शनी मूल्य १, २, ५ किंवा १० रुपये असतं. २ रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरवर कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केला की बातमी मोठी होते. हातात येतात १० रुपये. शेअर बाजारात १,००० रुपयांना असेल तर यील्ड झाली १ टक्का. आणि १ एप्रिल २०२० पासून हा लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो, तो वेगळाच.

नॉर्दर्न पाइप लाइनमध्ये ९.२ टक्के यील्ड वाईट नव्हतीच. सामान्य गुंतवणूकदार तिथेच खूश होऊन थांबला असता. ग्रॅहम यांना मात्र न दिलेला लाभांश दिसत होता. तेल वाहून नेण्याच्या धंद्याला त्या रोख्यांची गरजच नव्हती. मग ते कंपनीने का धरून ठेवायचे?

तेलनगरीतली फजिती

त्यांनी हळूहळू २,००० शेअर गोळा केले. एकूण शेअर ४०,०००, म्हणजे त्यांचा वाटा ५ टक्के. तेवढ्यावर ते न्यूयॉर्कमध्ये २६ ब्रॉडवे या स्टँडर्ड ऑइलच्या इमारतीत कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेले. अध्यक्ष आणि कंपनीचे मुख्य वकील हे सख्खे भाऊ, बुशनेल बंधू. दोघांनी नकार दिला. कारणं ठरलेली होती : नळ कधी ना कधी बदलावे लागतील, दर्शनी मूल्य १०० डॉलर आहे तेव्हा त्यामागे तेवढी मालमत्ता हवी, आणि कंपनी कशी चालवायची हे चालवणाऱ्यांना जास्त कळतं. ज्या भागधारकाला पटत नसेल त्याने शेअर विकून मोकळं व्हावं, असा एकूण सूर होता. भारतातल्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक सभेला कधी हजेरी लावली असेल, तर हा सूर ओळखीचा वाटेल.

वार्षिक सभा पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी नावाच्या गावात असे. जानेवारी १९२७. रात्रीच्या गाडीने पिट्सबर्ग, तिथून कडाक्याच्या थंडीत खडखडणाऱ्या लहान गाडीने पुढे. सभेला ग्रॅहम सोडले तर जे मोजके लोक होते ते सगळे कंपनीचेच नोकर. वार्षिक अहवाल मंजूर करण्याचा ठराव आला. ग्रॅहम यांनी अहवाल मागितला, तर तो अजून तयारच नव्हता. न पाहिलेला अहवाल मंजूर झाला. कंपनीच्या आर्थिक स्थितीवर लिहून आणलेलं टिपण वाचायची त्यांनी परवानगी मागितली. त्याला अनुमोदन लागतं असं सांगण्यात आलं. अनुमोदन द्यायला त्यांच्या बाजूचं कुणीच नव्हतं. सभा काही मिनिटांत संपली आणि ते तसेच परत आले.

ते वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. १९२७ मध्येच त्यांचा थोरला मुलगा मेंदूज्वराने गेला.

तरीही पुढच्या सभेची तयारी त्यांनी सोडली नाही. आणखी शेअर घेतले. वकील नेमले. १०० पेक्षा जास्त शेअर असलेल्या भागधारकांची यादी मिळवली आणि एकेकाला प्रत्यक्ष गाठून मतदानाचं अधिकारपत्र, म्हणजे प्रॉक्सी, मागायला सुरुवात केली. सगळ्यांत मोठा भागधारक होता रॉकफेलर फाउंडेशन, सुमारे २३ टक्के. ग्रॅहम तिथेही गेले. ज्या कंपन्यांत आपली गुंतवणूक आहे त्यांच्या कारभारात संस्था कधी हात घालत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

जानेवारी १९२८ मध्ये ते ऑइल सिटीला परत गेले, पण या वेळी हातात इतकी मतं होती की पाच संचालकांपैकी दोन जागा त्यांना मिळाल्या. तिघे विरुद्ध दोघे. म्हणजे अजूनही हरण्याचीच स्थिती. पण काही आठवड्यांतच व्यवस्थापन अचानक मऊ झालं आणि पैसे वाटायला तयार झालं. मागून कळलं, की हात न घालणाऱ्या फाउंडेशनने शांतपणे आपली पसंती कळवली होती. एखाद्या धर्मादाय संस्थेला ७० डॉलर आपल्या हातात असलेले बरे वाटतील की दुसऱ्याच्या तिजोरीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

भागधारकांना एकूण ७० डॉलर प्रति शेअर मिळाले. शिवाय शेअर त्यांच्याकडेच राहिला. मिळालेली रोकड आणि उरलेल्या शेअरचा भाव धरून ६५ डॉलरच्या त्या शेअरचे ११० च्या वर झाले. बाकीच्या पाइपलाइन कंपन्यांपैकी बऱ्याच जणींनीही मग तोच मार्ग धरला.

लाभांशाचा तक्ता वाचणाऱ्याने या ७० डॉलरकडे नीट बघावं. समजा आजच्यासारखी एखादी वेबसाइट तेव्हा असती आणि तिने मागच्या बारा महिन्यांत दिलेली रक्कम भागिले जुना भाव एवढंच गणित केलं असतं, तर यील्ड १०० टक्क्यांच्या वर दिसली असती. ती बघून पुढच्या वर्षी शेअर घेणाऱ्याला काहीच मिळालं नसतं, कारण पाकीट आता रिकामं झालेलं. आजही एखाद्या कंपनीने कारखाना, जमीन किंवा उपकंपनी विकून एकदाच मोठा विशेष लाभांश दिला की पुढचं वर्षभर तिची यील्ड फुगलेली दिसते. शिवाय लाभांश वजा झाल्यावर, म्हणजे एक्स-डिव्हिडंड तारखेला, शेअरचा भावही साधारण तेवढाच खाली येतो. म्हणून तक्त्यात नेहमीचा लाभांश कोणता आणि एकदाचा कोणता हे आधी वेगळं करावं लागतं.

१९२९ नंतर

आता ग्रॅहम श्रीमंत होते. १९२९ च्या सुरुवातीला त्यांच्या सामाईक गुंतवणूक खात्यात २५ लाख डॉलर होते. जेरोम न्यूमन हे त्यांचे भागीदार. मोठं घर होतं, नोकरचाकर होते.

मग ऑक्टोबर आला. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर येऊन टेकला. एवढा सावध माणूसही वाचला नाही, कारण उसने पैसे त्यांच्या खात्यातही होते. १९३२ पर्यंत खात्याचं जवळपास ७० टक्के नुकसान झालं होतं. आईच्या बाबतीत जे झालं तेच मोठ्या प्रमाणावर. मोठं घर सोडावं लागलं. करार असा होता, की गुंतवणूकदारांचा तोटा भरून निघेपर्यंत ग्रॅहम आणि न्यूमन यांना मोबदला नाही. दोघांनी ती वर्षं खरोखरच मोबदल्याशिवाय काढली आणि १९३५ च्या अखेरीपर्यंत तोटा भरून काढला.

त्या मंदीत लाभांशाचा इतिहास म्हणजे काय हे सगळ्या देशाला कळलं. भाव इतके पडले होते की कागदावर सगळ्याच शेअरची यील्ड डोळे दिपवणारी दिसत होती. यील्डच्या भागाकारात भाव खाली असतो, भाव निम्मा झाला की यील्ड आपोआप दुप्पट. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफचा शेअर १९३२ मध्ये ७० डॉलरच्या आसपास आला होता आणि कंपनी वर्षाला ९ डॉलर लाभांश देत होती, म्हणजे जवळपास १३ टक्के. ज्याने तो आकडा बघून शेअर घेतला त्याला खरंच तेवढं मिळालं, कारण या कंपनीने अख्ख्या मंदीत तो ९ डॉलरचा लाभांश मोडला नाही. दुसरीकडे यू. एस. स्टील. १९२९ मध्ये २६० डॉलरच्या वर गेलेला हा शेअर १९३२ मध्ये २० ते २२ डॉलरपर्यंत घसरला. मागच्या वर्षांचा लाभांश धरून यील्ड काढणाऱ्याला ती अफाट वाटली असती. पण त्याच वर्षी कंपनीने सामान्य भागधारकांचा लाभांश बंद केला. आधीच्या लाभांशावर काढलेल्या यील्डला काही अर्थच उरला नाही.

कोलंबिया विद्यापीठात ग्रॅहम १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून संध्याकाळचे वर्ग घेत होते. त्या व्याख्यानांची टिपणं डेव्हिड डॉड काढत. त्यातून १९३४ मध्ये दोघांचं ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हे जाडजूड पुस्तक आलं. सामान्य माणसासाठीचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९४९ चं. (त्याच १९३४ साली त्यांचं एक नाटक ब्रॉडवेवर आलं आणि काही दिवसांतच पडलं. हा माणूस ग्रीक-लॅटिनमध्येही रमायचा, आणि उतारवयात त्याने मारिओ बेनेदेत्ती या उरुग्वेच्या लेखकाची एक स्पॅनिश कादंबरी इंग्रजीत आणली.)

या पुस्तकांत लाभांशावर बरंच आहे आणि त्यात एक गमतीशीर ताण आहे. नफा कंपनीत ठेवला की तो भागधारकाच्याच कामी येतो, हे व्यवस्थापनांचं म्हणणं ग्रॅहम यांनी कधीच डोळे मिटून मानलं नाही. ऑइल सिटीची गाडी पकडलेला माणूस ते मानणार कसा! ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’च्या १९५१ च्या आवृत्तीत शेअरची किंमत ठरवायची एक पद्धत आहे : लाभांश पूर्ण धरायचा, त्यात एकूण नफ्याचा एक तृतीयांश मिळवायचा आणि येणाऱ्या बेरजेला योग्य त्या पटीने गुणायचं.

उदाहरण घेऊ. दोन कंपन्या शेअरमागे ९-९ डॉलर कमावतात. पहिली ६ डॉलर वाटते, दुसरी ३. पहिलीची बेरीज ६ अधिक ३, म्हणजे ९. दुसरीची ३ अधिक ३, म्हणजे ६. कमाई सारखी असून पहिलीची किंमत दीडपट. या सूत्रात वाटलेल्या एका डॉलरला राखून ठेवलेल्या डॉलरच्या चौपट वजन मिळतं. बाजार तेव्हा साधारण तसाच वागत होता.

पुढे बाजार बदलला. १९५८ मध्ये अमेरिकेत शेअरची सरासरी यील्ड सरकारी रोख्यांच्या व्याजाच्या खाली गेली, आणि पुढची अनेक दशकं ती खालीच राहिली. वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांनी लाभांश कमी दिला तरी लोक जास्त भाव मोजू लागले. ग्रॅहम यांनी नंतरच्या लिखाणात हा बदल मान्य केला. पण सावध गुंतवणूकदारासाठीची एक अट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९७३ च्या आवृत्तीतही ती आहे : किमान २० वर्षं एकदाही न चुकता लाभांश. यील्ड किती असावी यापेक्षा ती किती वर्षं सलग आली याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं, कारण वीस वर्षांत मंदी, युद्ध, वाईट व्यवस्थापक असं सगळं एकदा तरी येऊन जातं.

जिथे नियम बाजूला राहिले

१९४८ मध्ये ग्रॅहम-न्यूमन कॉर्पोरेशनने गायको या मोटार विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे ७ लाख १२ हजार डॉलरला घेतला. त्यांच्या निधीच्या मानाने ही फार मोठी रक्कम होती. नंतर लक्षात आलं, की त्यांच्यासारख्या गुंतवणूक कंपनीला विमा कंपनीत १० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा ठेवायला कायद्याने बंदी आहे. मग त्यांनी गायकोचे शेअरच आपल्या भागधारकांना वाटून टाकले, म्हणजे हा रोखीऐवजी शेअरच्या रूपातला लाभांश झाला. ज्यांनी ते शेअर सांभाळले ते प्रचंड श्रीमंत झाले. ग्रॅहम यांच्या स्वतःच्या नियमांनुसार तो शेअर लवकरच महाग झाला होता, तरी ते आणि न्यूमन घरचा धंदा समजून तो धरून बसले. वीस वर्षांच्या बाकी सगळ्या व्यवहारांची बेरीज या एका व्यवहाराच्या नफ्यापुढे कमी पडली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

१९५० मध्ये त्यांच्या वर्गात आलेला एक विद्यार्थी १९५४ ते १९५६ त्यांच्या कार्यालयात कामालाही होता : वॉरन बफे. १९५४ मध्येच ग्रॅहम यांचा आणखी एक मुलगा गेला. दोन वर्षांनी त्यांनी कॉर्पोरेशन बंद केलं. शेवटची वर्षं त्यांनी कॅलिफोर्निया आणि फ्रान्समध्ये काढली.

२१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस या गावी, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते वारले. त्या वर्षी गायको बुडण्याच्या बेतात होती. १९७२ मध्ये ६१ डॉलरवर गेलेला तिचा शेअर २ डॉलरवर आला होता. ग्रॅहम यांच्या बचतीतला बराच भाग तिथेच होता, त्यांनी तो काढून घेतला नव्हता. त्याच वर्षी बफे यांनी गायकोचे शेअर घ्यायला सुरुवात केली. कंपनी सावरली, आणि १९९६ मध्ये बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने तिचा उरलेला हिस्साही विकत घेतला.